लॅन्सियाचा डावा कोपरा

फेब्रुवारी संपत आला तेव्हा गाडीच्या अंगावरचा सगळा जुना रंग उतरला होता. राहिला होता तो पुढचा डावा कोपरा, हेडलाइटपासून चाकाच्या कमानीपर्यंत. अय्युब मिस्त्री रोज सकाळी गॅरेजचं शटर वर करायचे, त्या कोपऱ्याकडे बघायचे आणि दुसरंच काहीतरी काम हातात घ्यायचे.

अकोल्यात अकोट फैल भागातल्या रस्त्याला त्यांचं डेंटिंगचं गॅरेज होतं. वय त्रेपन्न, हाताला चाळीस वर्षांची सवय. पूर्वी दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मॅटाडोर, जिनिंगचे ट्रक दारात रांगेनं उभे असत. आता २००६ उजाडलं होतं आणि तीन वर्षांपासून ही रांग नव्हती. चेपलेलं मडगार्ड लोक तसंच घेऊन फिरत. पेपरात रोज कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी येई, आणि ती वाचून कोणी कोणाशी बोलत नसे. गॅरेजमधली दोन्ही माणसं सुरतला कामाला गेली. वर्षभर पुरेल असं एकच काम अय्युबच्या हातात राहिलं होतं, ते म्हणजे ही गाडी.

गाडी इटलीची होती, लॅन्सिया. दोन दारांची, दोनच माणसांची, पूर्ण अॅल्युमिनियमच्या पत्र्याची. छत सपाट नव्हतं. दोन्ही सीटच्या डोक्यावर दोन गुळगुळीत उंचवटे होते, म्हणून मालकाच्या गावची, अकोटची माणसं तिला उंटीण म्हणायची. स्टिअरिंग डावीकडे. अशी गाडी भारतात दुसरी असलीच तर एखादी, असं पुण्याचे दांडेकर म्हणाले होते. दांडेकर जुन्या गाड्यांची पारख करायचे. कोइंबतूरच्या एका संग्राहकाला ही गाडी हवी होती आणि त्यानं दांडेकरांना तपासणीला नेमलं होतं. त्यांची एक अट होती. गाडी कोणाकोणाकडे होती, कधी काय मोडलं, कोणी कसं दुरुस्त केलं, हा सगळा इतिहास लिहून हवा. मधलं एकही वर्ष मोकळं चालणार नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी ते स्वतः अकोल्याला येणार होते.

गाडीचा मालक कुलदीप एकतीस वर्षांचा होता. त्याच्या आजोबांची, देवरावांची, अकोटला कापसाची जिनिंग होती. ती बंद पडून तीन वर्षं झाली होती. कुलदीप अमरावतीला राहून ठिबकच्या नळ्या विकायचा, आणि गाडी गेली की जिनिंग पुन्हा सुरू करायची, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. दर चार दिवसांनी तो मोटरसायकलवर येई, गाडीभोवती दोन फेऱ्या मारी आणि विचारी, “चाचा, हा कोपरा काहून ठेवला?”

अय्युब म्हणायचे, पत्रा तिथं पातळ आहे, शेवटी करू.

इतिहास लिहायचं काम नईमाकडे आलं. ती अय्युबची मुलगी, चोवीस वर्षांची. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. दुपारी वही घेऊन गॅरेजमध्ये येई, अब्बा सांगतील ते उतरवून घेई आणि क्लासमध्ये जाऊन टाइप करी. अफसाना, तिची आई, जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दोघंच होते. अब्बाची आठवण इतकी पक्की असेल हे नईमाला या वहीमुळेच कळलं. १९६४ साली एका कापडगिरणीत यंत्रं बसवायला इटलीहून इंजिनिअर आला, त्यानं गाडी बोटीनं आणली. अडुसष्ट साली तो परत गेला तेव्हा देवरावांनी ती घेतली. बहात्तरला मागचा बंपर बैलगाडीच्या जुवाला घासला, तो अय्युबच्या वडिलांनी सरळ केला. पंचाहत्तरला रेडिएटर. सत्त्याहत्तरला उजव्या दाराचं कुलूप, ते अलिगडहून मागवलं. एक्क्याऐंशी साली गाडी अमरावतीच्या डॉक्टर पंजाबरावांना विकली. डॉक्टरांनी ती दहा वर्षं चालवली, मग इंजिन जाम झालं आणि ती शेडमध्ये पडून राहिली. डॉक्टर वारल्यावर आशाबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, ती कुलदीपला परत दिली, आजोबांची आठवण म्हणून.

नईमानं पान पुन्हा वाचलं आणि विचारलं की सत्त्याहत्तरनंतर एकदम एक्क्याऐंशी कसं? मधे काहीच झालं नाही?

“नाई,” अय्युब म्हणाले. “गाडी उभीच होती.”

पण हे सांगताना ते उठले आणि पाण्याचा माठ हलवून ठेवला. माठ जागेवरच होता. नईमानं ते बघितलं आणि वही मिटली.

त्या आठवड्यात अय्युबचं जेवण कमी झालं. भाकरी अर्धी ठेवून ते उठायचे. हातोडी डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं शोधायचे. रविवार आला की दांडेकर त्या कोपऱ्याला हात लावतील, रंग खरवडतील, आणि मग विचारतील. काय सांगायचं ते त्यांनी शंभरदा मनाशी घोकलं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी देवरावांनी जे सांगितलं होतं तेच सांगायचं. रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली.

पण रविवारपर्यंत थांबावं लागलं नाही. शुक्रवारी अय्युब नमाजला गेले असताना कुलदीप आला. गॅरेज उघडंच होतं. त्यानं डब्यातलं रिमूव्हर घेतलं, ब्रशनं कोपऱ्यावर थापलं आणि पत्र्याच्या पट्टीनं रंग ओढून काढला. अय्युब परतले तेव्हा तो उकिडवा बसून बोटानं काहीतरी चाचपत होता. रंगाखाली लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर निघाला होता, आणि त्याखाली हातभर रुंदीचा वेगळाच पत्रा. चारी बाजूंनी रिव्हेट मारलेला.

कुलदीपचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला होता. त्यानं विचारलं की हे कधीचं काम, आणि एवढं मोठं ठिगळ असताना चाचांनी सांगितलं कसं नाही.

“एकोणऐंशीचं,” अय्युब म्हणाले. “मीच केलं. अॅल्युमिनियमचं वेल्डिंग तवा येत नव्हतं मले. बसच्या बॉडीचा पत्रा आनला अन् रिव्हेट केला.”

“झालं काय होतं?”

“रोही आडवी आली होती. तुमच्या आजोबांनं सांगतलं.”

कुलदीपनं सुटकेचा श्वास टाकला. रोही म्हणजे काही वाईट नाही, दांडेकरांना उलट आवडेल, असं तो म्हणाला. नईमा तेवढ्यात वही घेऊन आली होती. कुलदीपनं तिलाच सांगितलं की एकोणऐंशीच्या पुढे रोही लिही, आणि तो अमरावतीला निघून गेला.

नईमानं लिहिलं नाही. तिनं डबा उघडला, अब्बांसमोर भाजी वाढली आणि म्हणाली, “अब्बा, ती रोही नव्हती नं?”

अय्युबनी भाकरीचा तुकडा मोडला, तो खाली ठेवला आणि सांगायला लागले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच सांगत होते, त्यामुळे मधेच थांबायचे, मागे जायचे, पुन्हा यायचे.

मे महिना होता. त्यांच्या वडिलांना लकवा झाला होता म्हणून गॅरेज तेच बघत. वय सव्वीस, लग्नाला वर्ष झालेलं. देवराव स्वतः आले ते जिनिंगच्या ट्रकमध्ये पुढे बसून. मागे कापसाच्या गाठी, आणि गाठींच्या मधोमध ताडपत्री घातलेली लॅन्सिया. एवढी लपवून का आणली, हे अय्युबनी विचारलं नाही. देवरावांना कोणी काही विचारत नसे. चांदूर बाजारला लग्नाला गेलो होतो, परत येताना रोही आडवी आली, आठ दिवसांत कोपरा नवा दिसला पाहिजे, एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी अय्युबनी फुटलेला हेडलाइट बाहेर काढला. त्याच्या मागच्या खोबणीत सायकलच्या घंटीची वाटी अडकली होती. आणि धोतराचा बोटभर तुकडा, वाळून कडक झालेला.

त्यांनी तुकडा भट्टीत टाकला आणि वाटी भंगारात. तेव्हाही ते स्वतःला सांगत होते की घंटीची वाटी रस्त्यावर पडलेली असू शकते, गाडीनं उचलली असेल. मग महिनाभरानं अफसाना माहेराहून आली. तिचं माहेर चांदूर बाजारचं. तिनं सहज सांगितलं की जवळच्या खैरी गावचा भगवंत नावाचा माणूस दिवेलागणीला पुलाखाली पडून मेला. माळकरी होता, तरी पंचनाम्यात दारू पिऊन पडला असं लिहिलं गेलं, आणि आता गावही तेच म्हणतं. सायकल पार चपटी झाली होती. पुलावरून पडलेली सायकल एवढी चपटी कशी होईल, असं अफसानाचे वडील म्हणत होते.

“अम्मीले माईत होतं?” नईमानं विचारलं.

“नाई. तिले बी नाई सांगतलं.”

“अन् त्या माणसाची बायको?”

ती गोदाबाई. खैरीतच राहते. अय्युबला तिचं नाव माहीत होतं, घर कुठं आहे ते माहीत होतं. सासुरवाडीला जाताना बस त्या पुलावरून जायची आणि ते दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचे. देवराव मोठे होते. पुढे अकोटच्या सगळ्या जिनिंगांचं काम त्यांच्याच शब्दानं गॅरेजला येत राहिलं. त्या कामावर घर चाललं, नईमाचं शिक्षण झालं. हेही त्यांनी सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

नईमानं वही पुढे ओढली. मग तिनं एवढंच म्हटलं की काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण रोही माझ्या हातून टाइप होणार नाही. ती ओळ मी मोकळी ठेवते.

शनिवारी सकाळी अय्युब अकोटच्या एसटीत बसले. कुलदीपला तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती. देवराव बारा वर्षांपूर्वी गेले. पण कुलदीपचे वडील जानराव होते, त्यांच्या कानावर घालावं, मग ते मुलाला सांगतील किंवा नको म्हणतील. नको म्हणाले तर? मग आपली जबाबदारी संपली, असंही अय्युबच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्यांना लाज वाटली. वाटेतल्या चोहोट्ट्यापर्यंत त्यांनी तीनदा ठरवलं की उतरून परतीची गाडी धरावी.

जिनिंगच्या आवारात गवत माजलं होतं. जिथं हंगामात पांढरे ढीग लागायचे तिथं कोणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. जानराव ऑफिसच्या पायरीवर बसले होते. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. गाडी परत आणल्यापासून ते एकदाही गॅरेजमध्ये आले नव्हते. देवरावांशी त्यांचं पटत नव्हतं म्हणून गाडीचा राग असेल, अशी कुलदीपची समजूत होती.

अय्युबनी उभ्यानंच सगळं सांगितलं. घंटीची वाटी, धोतराचा तुकडा, खैरी, भगवंत. गाडी देवरावच चालवत होते असं धरून ते बोलत होते. मेलेल्या माणसावर आळ घेतो आहोत, असं त्यांना वाटत होतं.

जानराव जमिनीकडे बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, “बाबा नाई चालवत होते.”

अय्युबला आधी कळलं नाही.

“मी चालवत होतो, मिस्त्री. स्टिअरिंग डाव्या बाजूले. तो मानूस रस्त्याच्या कडेले, एकदम माह्यासमोर. त्याचा चेहरा बी दिसला मले.”

कुलदीपला सांगू का, असं अय्युबनी विचारलं. जानराव शेळ्या हाकलायला उठल्यासारखे उठले आणि आत गेले. अय्युब थोडा वेळ उन्हात उभे राहिले. मग एकटेच बसस्टँडवर आले.

रविवारी दांडेकर सकाळीच पोचले. साठीचे, सावकाश बोलणारे, शर्टाच्या खिशात भिंग. कुलदीप त्यांच्या मागे मागे फिरत होता. दांडेकरांनी छताचे उंचवटे तळहातानं चाचपले, दरवाजे उघडून मिटून पाहिले आणि अय्युबकडे वळून म्हणाले की असं काम पुण्यातही बघायला मिळत नाही. एरवी त्या वाक्यावर अय्युबचे चार दिवस आनंदात गेले असते. आज ते नुसते दांडेकरांच्या हाताकडे बघत राहिले. दांडेकर फिरत फिरत डाव्या कोपऱ्याशी आले, गुडघ्यावर बसले आणि रिव्हेट मोजावेत तसे बोटानं एकेक दाबून पाहिले. मग नईमाचा टाइप केलेला कागद उघडला.

“एकोणऐंशीपुढे काही लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

कुलदीप पटकन म्हणाला की टाइप करायचं राहिलं, रोही आडवी आली होती. दांडेकरांनी मान डोलावली, पण नजर अय्युबवरच ठेवली. काम तुमचं आहे, तुम्ही सांगा, असं म्हणून त्यांनी पेन काढलं.

अय्युबनी नईमाकडे बघितलं. ती दाराशी उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती, मुद्दाम.

“रोही…” अय्युब म्हणाले आणि थांबले. “रोही नाई, साहेब. मानूस होता. खैरीचा भगवंत. त्यात तो मेला.”

पेन कागदावर टेकलं नाही. कुलदीप हसल्यासारखा झाला, मग नाही हसला. चाचा, काय बोलून राहिले, असं त्यानं अगदी हळू विचारलं. अय्युबनी खोबणीत काय सापडलं ते सांगितलं. गाडी कोण चालवत होतं ते मात्र सांगितलं नाही. ते बापानं मुलाला सांगायचं होतं. कुलदीपला वाटलं आजोबाच. आजोबा आता उत्तर द्यायला येणार नाहीत म्हणून तुम्ही वाटेल ते बोलाल, असं काहीसं तो बोलला, आणि एवढी वर्षं गप्प होते तर आजच काहून तोंड उघडलं, हेही. दांडेकरांनी पेन खिशात ठेवलं, मला हे लिहावं लागेल म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं गेले.

तीन दिवस कुलदीपचा फोन नाही, माणूस नाही. शटरचा आवाज झाला तरी अय्युब दचकत. कुलदीपनं वकिलाला गाठलं असेल, नाहीतर पोलीस आधी आपल्याकडेच येतील, पुरावा जाळणारा म्हणून आपल्यालाच धरतील, मग नईमाचं काय, तिच्यासाठी आलेलं स्थळ, सगळं त्यांच्या डोक्यात फिरत राही. नईमा क्लासला जाताना शेजारच्या टायरवाल्याला सांगून जायची की अब्बांकडे लक्ष ठेवा.

चौथ्या दिवशी जानराव आले, एसटीनं, एकटेच. गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही. कुलदीपला सगळं सांगितलं, तो दोन दिवस घरी जेवला नाही, एवढं म्हणाले. आणि मग म्हणाले, “चाला. मले ते घर माईत नाई. तुमाले माईत आहे.”

अकोल्याहून अमरावती, तिथून चांदूर बाजारची गाडी. पाच तासांत दोघं फार तर दहा वाक्यं बोलले. खैरीच्या फाट्यावर उतरल्यावर जानराव पुलापाशी थांबले. पूल आता रुंद झाला होता. त्यांनी खाली डोकावलं आणि चालू लागले.

गोदाबाई ओसरीत सुपात तूर पाखडत बसली होती. केस पांढरे, हात काटक. अय्युबनी आपण अकोल्याचे, हे अकोटचे, असं सांगितलं. तिनं बसायला पोतं टाकलं. जानराव पोत्यावर न बसता जमिनीवर बसले आणि त्यांनी सरळ सुरुवात केली. एकोणऐंशीच्या मे महिन्यात तुमच्या माणसाला गाडीनं उडवलं, ती गाडी मी चालवत होतो.

तिचे हात थांबले. सूप मांडीवरच राहिलं.

“तो पेला होता का?” तिनं विचारलं. “आंदी एवढं सांगा.”

“नाई,” जानराव म्हणाले. “सायकलची चैन पडली होती. वाकून चैन लावून राहिला होता. गाडीचा आवाज आला तशी मान वर केली.”

“मंग जिता होता?”

या प्रश्नाची अय्युबला कल्पना नव्हती. जानरावांना असावी. त्यांनी उत्तर चुकवलं नाही.

“हाव. कन्हत होता. म्या गाडी थांबवली, उतरलो. तो पुलाखाली फेकल्या गेलता, तिकडं उतरूनच राहिलो होतो. मागून बाबानं हॉर्न वाजवला. मी परत फिरलो.”

गोदाबाई रडली नाही. तिनं सुपातली तूर हातानं सारखी केली, पुन्हा सारखी केली. त्या दिवशी ती स्वैपाक झाकून बसली होती, असं म्हणाली. पहाटे गुराख्यानं सांगितलं. मग पोरगं शाळेत जायचं तर त्याला दारुड्याचं पोर म्हणायचे, म्हणून त्यानं शाळा सोडली. भजनाच्या मंडळींनी माणूस गेल्यावर एकदा येऊन सांत्वनही केलं नाही. माळ घालून पितो, म्हणाले. तिलाही शेवटी वाटायला लागलं होतं की पीत असेल, आपल्याला कळलं नसेल.

“मले बी तसंच वाटत होतं,” ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी आवाज फुटला.

मग तिनं अय्युबकडे पाहिलं. “अन् तुमी कोन?”

“मी गाडी सुदरवली, बाई. मले महिनाभरात समजलं होतं.”

तिनं नजर काढून घेतली. त्यानंतर ती जानरावांशीच बोलली. बुधवारी देवळात भजन असतं, गाव गोळा होतं. मला एकटीला सांगून काय उपयोग, तिथं या आणि सांगा.

बुधवारी ते गेले. नईमा नको म्हणत होती. तिला वाटत होतं की लोक मारतील. अय्युबलाही तेच वाटत होतं, देवळाच्या पायऱ्यांशी चपला काढताना त्यांनी पळायची वाट कुठली आहे तेही बघून ठेवलं. भजन सुरू व्हायच्या आधी गोदाबाई पुढे होऊन म्हणाली की हे अकोटचे पाहुणे काही सांगणार आहेत. जानरावांनी उभं राहून जसंच्या तसं सांगितलं, हॉर्नसकट. कोणी हात उचलला नाही. एक म्हातारे टाळकरी होते, त्यांनी हातातले टाळ खाली ठेवले आणि तसेच बसून राहिले. मागून एक जण म्हणाला की आता सांगून काय, मोठ्या लोकांचं असंच असतं. गोदाबाईचा मुलगा, पस्तिशीचा, खांबाला टेकून ऐकत होता. तो मधेच निघून गेला.

फाट्यावर एसटीची वाट बघत असताना तो आला. दोघांसमोर उभा राहिला आणि जानरावांना म्हणाला, “पोलिसात बी सांगसान?”

“सांगतो.”

“मी येतो संग,” तो म्हणाला. “तुमी सांगतलं का नाई, मले पायाचं आहे.”

चांदूर बाजारच्या ठाण्यात सत्तावीस वर्षांपूर्वीचा कागद सापडत नव्हता. साहेबांनी अर्ज घेतला, जुनं दप्तर बघावं लागेल म्हणाले, आणि बोलावू तेव्हा या म्हणून सांगितलं. ते बोलावणं आज येईल, उद्या येईल, असं करत मार्च गेला.

दरम्यान कुलदीपनं ट्रक पाठवला आणि गाडी पुण्याला नेली. स्वतः आला नाही. उरलेलं काम दांडेकरांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये होणार होतं. दांडेकरांनी इतिहासाची एक प्रत अय्युबला पाठवली. एकोणऐंशीच्या ओळीत भगवंताचं पूर्ण नाव होतं, गाव होतं, आणि कोपरा कोणी दुरुस्त केला तेही. सोबत चार ओळींचं पत्र. संग्राहकानं वाचलं आणि तरी गाडी घेतली. खरा कागद असलेली गाडी त्याला जास्त आवडते, असं त्याचं म्हणणं. अय्युबनी पत्र नईमाकडे दिलं आणि ते कुठं ठेवलंस म्हणून पुन्हा कधी विचारलं नाही. कुलदीपनं गाडी विकून जिनिंग सुरू केली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. जानरावांनी विषय काढला नाही. घरात बापलेक बोलत असतील की नसतील, तेही अय्युबनी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये अकोल्याचा पारा चव्वेचाळीसवर गेला आणि कूलरच्या पेट्यांचं काम सुरू झालं. पत्रा कापायचा, वाकवायचा, कोपऱ्यांना रिव्हेट. अय्युब दिवसाला दोन पेट्या करत. भूक थोडी परतली होती, पण शटरचा आवाज झाला की अजून दचकत. स्थळवाल्यांनी काही कळवलं नव्हतं. त्यांना कुठून काय समजलं असेल, हे नईमाला माहीत नव्हतं आणि तिनं ते जाणून घ्यायचं टाळलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याचा शिपाई नोटीस घेऊन आला. जबाबाला हजर राहा, अकरा वाजता. नईमानं क्लासला रजा टाकली. अय्युब नको म्हणाले, तरी ती बसमध्ये शेजारी येऊन बसली.

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर जानराव आधीच येऊन बसले होते. पलीकडे दुसऱ्या बाकावर गोदाबाई आणि तिचा मुलगा. कोणी कोणाला नमस्कार केला नाही. पंखा गरम हवा फेकत होता. अय्युब तळहात पायजम्याला पुसत राहिले. नईमानं पाण्याची बाटली काढून त्यांना दिली. ते दोन घोट प्यायले, बाटली जानरावांपुढे धरली. जानराव प्यायले. मग बाटली परत घेताना अय्युब क्षणभर थांबले, उठले आणि पलीकडच्या बाकाशी गेले.

गोदाबाईनं बाटलीकडे पाहिलं, अय्युबकडे नाही. तिनं ती घेतली, ओंजळीत थोडं पाणी ओतून तोंडावरून हात फिरवला आणि बाटली मुलाकडे दिली.

आतून हवालदारानं हाक दिली. “अकोल्याचे मिस्त्री कोन?”

“मी,” अय्युब म्हणाले आणि आत गेले.